सकलातवाला पलटण व तीतील एक मराठी शिपाई

शिंदे-होळकरांच्या कवायती कंपूंचे कागद ज्यांच्या हाताखालून गेले आहेत, त्या वाचकांस परक्या उस्तादांनी शिकविलेली पलटण आणि घरातले युद्ध ही जोडी नवी नाही. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरनजीक यशवंतराव होळकर व शिंदे-पेशवे यांची लढाई झाली तेव्हा दोन्ही फौजांत फिरंगी अंमलदार होते, आणि त्या दिवसाचा शेवट वसईच्या तहात झाला. प्रस्तुत लेखाचा विषय याच्या नेमका उलट आहे. येथे परका उस्ताद आपल्या यादवीत आलेला नाही. आपल्याकडील एक गृहस्थ परक्यांच्या यादवीत, परक्या नावाने, जहागिरीची वा पगाराची आशा न धरता लढावयास गेला. आणखी नवल असे की, ज्या पलटणीत तो दाखल झाला तिला एका मुंबईकराचे नाव देण्यात आले होते.

तो मुंबईकर म्हणजे शापुरजी सकलातवाला. यांचा जन्म 28 मार्च 1874 रोजी मुंबईस झाला. मातोश्री जेरबाई या जमशेटजी टाटा यांच्या भगिनी. शिक्षण सेंट झेवियरच्या शाळेत व कॉलेजात झाले. मुंबईस प्लेगाने हाहाकार उडविला तेव्हा डॉ. हाफकिन यांच्या कामास यांनी हातभार लावला. परळच्या जुन्या गव्हर्मेंट हाऊसात हाफकिन यांची प्रयोगशाळा 1899 साली आली, ती वास्तु आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. 1905 साली ते विलायतेस गेले, तेथे मजुरांच्या चळवळीत पडले आणि बॅटर्सी भागातून 1922 व 1924 अशा दोन वेळा पार्लमेंटात निवडून आले. टाटांचा भाचा कम्युनिस्ट सभासद म्हणून पार्लमेंटात बसावा, हा योग विलक्षणच. 16 जानेवारी 1936 रोजी ते लंडनमध्ये वारले.

त्याच वर्षीच्या जुलैत स्पेनमध्ये सेनापतींनी प्रजासत्ताक सरकारविरुद्ध बंड केले. फ्रँको हा त्यांचा पुढे म्होरक्या झाला. जर्मनी व इटली यांनी बंडवाल्यांस विमाने, रणगाडे व माणसे पुरविली. रशियाने सरकारपक्षास शस्त्रे दिली. इंग्लंड व फ्रान्स तटस्थतेचा करार करून बसले. अशा वेळी पन्नासांहून अधिक देशांतून सुमारे 35,000 माणसे सरकारपक्षाच्या मदतीस आपखुशीने गेली. यांच्या तुकड्यांस आंतरराष्ट्रीय ब्रिगेड म्हणत. पंधराव्या ब्रिगेडीत इंग्रजी बोलणाऱ्यांची जी पलटण उभी राहिली, तिचे 'सकलातवाला पलटण' असे नामकरण झाले. नाव मात्र रुळले नाही. शिपायांच्या तोंडी 'ब्रिटिश पलटण' हेच राहिले, आणि पुढील ग्रंथकारांनीही तेच उचलले. एका मुंबईकराच्या नावाची पलटण युरोपात लढली, ही गोष्ट मुंबईतच फारशी कोणास ठाऊक नाही, त्याचे हे एक कारण होय.

पलटणीची तालीम आल्बासेते शहराजवळ मद्रिगेरास या खेड्यात झाली. तालीम म्हणण्यापेक्षा तालमीचा आरंभ म्हणणे अधिक बरे. भरतीतील बहुतेक लोक कारखान्यांतले कामकरी, खाणवाले, दर्यावर्दी. थोडे विद्यार्थी व लेखक. बंदूक प्रथमच हाती धरणारे पुष्कळ होते. काही आठवड्यांच्या कवायतीनंतर 12 फेब्रुवारी 1937 रोजी माद्रिदजवळ खारामा नदीच्या खोऱ्यात यांस रणात उतरविले. मशीनगनांचे पट्टे भरले गेले होते ते चुकीच्या काडतुसांनी, त्यामुळे गरजेच्या घटकेस त्या तोफा मुक्या राहिल्या. सुमारे 600 जण टेकडीवर चढले. पहिल्या दिवसाअखेर लढण्याजोगे निम्मेही उरले नव्हते. यानंतर ब्रुनेते, तेरुएल, आरागोन येथील लढायांतून हीच पलटण पुनःपुन्हा नवी भरती घेऊन उभी राहिली. आमच्या बखरकारास हा प्रसंग मिळता तर त्याने रक्ताचे पाट वाहविले असते. वस्तुस्थिती त्याविना पुरेशी बोलकी आहे.

आता मराठी शिपायाकडे वळू. गोपाळ मुकुंद हुद्दार, लोकांत बाळाजी हुद्दार, यांचा जन्म 1902 सालचा. नागपुरास शिक्षण झाले. 1929 साली राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह म्हणून यांची नेमणूक झाली. 1931 सालच्या बालाघाटच्या राजकीय दरोड्याच्या प्रकरणात यांस कारावास घडला. सुटल्यावर वृत्तपत्रविद्या शिकण्यासाठी ते लंडनास गेले, आणि 1937 च्या उत्तरार्धात तेथून स्पेनमध्ये पोचले. पलटणीत यांनी नाव सांगितले ते जॉन स्मिथ.

हे नाव का घेतले? कारण सरळ होते. 1937 च्या जानेवारीत इंग्रज सरकारने 1870 चा परदेशी सैन्यभरतीविरुद्धचा कायदा स्पेनला लागू असल्याचे जाहीर केले. त्यामुळे परवाना घेऊन उघडपणे जाणे अशक्य झाले. इच्छुक लोक शनिवार-रविवारच्या सहलीचे तिकीट काढून पॅरिस गाठीत, कारण त्या तिकिटास पासपोर्ट लागत नसे. तेथून दक्षिणेस जाऊन रात्री पायी पिरेनीज पर्वत ओलांडीत. म्हणजे ज्या वाटेने हे लोक गेले त्या वाटेवर कागद मुद्दाम पडू दिलेला नाही. त्यात हुद्दार हे एकदा शिक्षा भोगलेले हिंदी राजकीय कैदी. खरे नाव सांगणे यांस दुहेरी धोक्याचे होते. 'हुद्दार' या आडनावातच हुद्दा दिसतो. असा हुद्द्याचा मनुष्य इंग्रजांतील सर्वांत सामान्य नाव धारण करून साधा शिपाई झाला.

1938 च्या वसंतात आरागोनची फळी कोसळली. 31 मार्च रोजी कालासेइते गावाजवळ पहाटेच्या वेळी पलटणीची गाठ इटालियन रणगाड्यांशी अवचित पडली आणि शंभरावर लोक पकडले गेले. त्याच माघारीत गांदेसाच्या परिसरात हुद्दारही शत्रूच्या हाती लागले. या कैद्यांस बुर्गोसजवळील सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात ठेवीत. एल सिद हा स्पेनचा मध्ययुगीन वीर एके काळी याच मठात पुरलेला होता. कैद्यांनी तेथे भाषांचे वर्ग चालविले, बुद्धिबळे मांडली, आणि 'जेली न्यूज' नावाचे हस्तलिखित वर्तमानपत्र काढले. कैदेतील हस्तलिखिताहून मोलाचे साधन संग्राहकास दुसरे कोणते? उलट बाजूने फ्रँकोच्या एका लष्करी मानसचिकित्सकाने याच कैद्यांची तपासणी करून 'मार्क्सवादाचे वेड' शास्त्राने सिद्ध करण्याचा घाट घातला. त्या तपासणीचे कागदही साधनच आहेत, पण ते वाचताना लिहिणाऱ्याचा हेतू आधी वाचावा लागतो.

हुद्दार त्याच वर्षी सुटले. लंडनमधील हिंदी मंडळींनी नोव्हेंबरात यांचा सत्कार केला, तेव्हा जॉन स्मिथ पुन्हा हुद्दार झाला. पुढे स्वदेशी परतून 1940 साली ते कम्युनिस्ट पक्षात गेले. 1981 साली यांचे निधन झाले. यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध एका पक्षाच्या मंडळींस अडचणीचा आणि उत्तरार्ध दुसऱ्या पक्षाच्या मंडळींस. परिणामी सबंध चरित्र कोणीच उचलले नाही, असे आमचे मत आहे.

कागदांची स्थिती अशी. ब्रिगेडींचे दप्तर युद्धाअखेर मॉस्कोस गेले व 1990 नंतरच अभ्यासकांस नीट खुले झाले. दुसरा संग्रह लंडनच्या मार्क्स स्मारक ग्रंथालयात आहे. दोन्हीकडे शोध घेणाऱ्याने हुद्दार नव्हे, स्मिथ शोधला पाहिजे. आणि पलटणीत खरेखुरे स्मिथही होते. तेव्हा केवळ नावाच्या यादीवरून काही ठरविणे धोक्याचे. पकडल्याची तारीख, जागा, सुटकेची तुकडी या तीन गोष्टी जुळल्याखेरीज ओळख पक्की मानू नये. पेशवे दप्तरातील एकाच नावाचे दोन कारकून वेगळे करताना आपण हेच करतो.

राहिली ती घरगुती पत्रे. ब्रिगेडीच्या शिपायांच्या पत्रांवर पलटणीचा ठावठिकाणा नसे. उलट टपालाचा पत्ता 'सोकोरो रोहो, प्लाझा देल आल्तोझानो, आल्बासेते' असा असे; पहिल्या दोन शब्दांचा अर्थ 'लाल मदत', ही एक साहाय्यक संस्था होती. पाकिटावर स्पेनच्या प्रजासत्ताकाची तिकिटे व लष्करी तपासणीचा शिक्का सापडतो. येथे आम्हांस एक कबुली देणे प्राप्त आहे. शाळेत असताना आम्ही मुलांचे तिकिटसंग्राहक मंडळ चालवीत असू, आणि पाण्यात भिजवून तिकीट अलगद कसे सोडवावे हे आम्हीच शिकविले. गिरगावातील एका चाळीतून विलायती पाकिटांची पेटीच आमच्याकडे आली होती. तिकिटे वह्यांत गेली. पत्ते लिहिलेली पाकिटे आम्ही रद्दीत दिली. तीत काय होते हे आता सांगता येत नाही.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील वाचकांपैकी कोणाच्या घरी 1937-38 सालांतील स्पेनचा शिक्का असलेले पाकीट वा पत्र असेल, त्यांनी तिकीट न सोडविता, आहे त्या स्थितीत त्याची दोन्ही बाजूंची नक्कल मंडळाकडे धाडावी. पत्राखाली स्मिथ अशी सही असल्यास अवश्य धाडावी.