जुन्या मोटारीची खरी किंमत

कळंब शहराला रेल्वे नाही. लातूर-कुर्डुवाडी मार्गावर ‘कळंब रोड’ नावाचे स्थानक आहे. पण ते गावापासून दूर. अपरात्री घरात कुणी आजारी पडले, तर लातूर, बार्शी किंवा अंबाजोगाई गाठण्यासाठी स्वतःचे वाहन असावे, ही इच्छा येथील शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरी आता चैनीची राहिलेली नाही. नवी मोटार आवाक्याबाहेर असते. मग पतसंस्थेचे कर्ज काढून दहा-बारा वर्षे वापरलेली गाडी घेण्याचा विचार सुरू होतो, आणि बहुतेक चर्चा भावाभोवतीच फिरते. वस्तुतः या व्यवहारात भावापेक्षा माहितीची उणीव अधिक महाग पडते.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला. ज्या संशोधनासाठी त्यांना 2001 मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्याचा तो पाया होय. त्यांचा युक्तिवाद साधा आहे. समजा, चांगली जुनी गाडी तीन लाखांची आणि बिघडलेली एक लाखाची आहे, आणि बाजारात दोन्ही सारख्याच संख्येने आहेत. वरून त्या सारख्याच दिसतात. गाडीचे दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा मधला भाव, म्हणजे दोन लाख, देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकत नाही. बिघडलेल्या गाडीचा मालक आनंदाने विकतो. अशा रीतीने चांगला माल बाजारातून हळूहळू निघून जातो.

मराठवाड्यातील शेतकऱ्याला हे तत्त्व निबंधाशिवाय ठाऊक आहे. बैल घेताना तो दात पाहून वय ठरवतो, खूर तपासतो, चालवून आणि जुंपून पाहतो. त्याच शेतकऱ्याचा नोकरदार मुलगा मोटार घेताना मात्र चकचकीत रंगावर आणि किलोमीटरच्या आकड्यावर विसंबतो. हा आकडा मागे फिरवता येतो. झिजलेली पेडले आणि गुळगुळीत झालेले स्टिअरिंग मात्र खरे सांगून जातात.

पहिली परीक्षा इंजिनाची. ते थंड असतानाच सुरू करून पाहावे. गाडी आधीच तापवून ठेवलेली असेल, तर सुरू होताना येणारी अडचण झाकली जाते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, पिस्टन रिंगा किंवा व्हॉल्व्हची सिले झिजली आहेत. गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधी थर दिसला, तर हेड गॅस्केट फुटून पाणी ऑइलात मिसळत असल्याची शंका घ्यावी. टायमिंग बेल्ट असलेल्या गाडीत तो केव्हा बदलला, याची पावती मागावी. तो चालत्या गाडीत तुटला, तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि काहीशे रुपयांच्या पट्ट्यापायी हजारोंचे काम निघते. चढावर इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच सरकतो आहे. टायर एकाच कडेने झिजले असतील, तर दोष अलाइनमेंटचा किंवा सस्पेन्शनचा असतो. टायरवर छापलेल्या चार आकड्यांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात.

पुराचा धोका वेगळाच. 2019 मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै 2021 मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. सप्टेंबर 2021 मध्ये मांजरेनेही काठ ओलांडले. बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकायला येऊ शकते. गालिच्याखालचा गाळ, सीटच्या पट्ट्यांना येणारा कुबट वास आणि सीटखालच्या बोल्टांवरचा गंज एवढे तरी पाहावे. वायरिंगमध्ये शिरलेले पाणी कित्येक महिन्यांनी त्रास देते.

इंधनाचा प्रश्नही आता जोडीला आहे. 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल 2025 पासून देशभर मिळू लागले. या तालुक्यात रांजणीला साखर कारखाना आहे. उसापासूनच्या इथेनॉलचे महत्त्व येथे कुणाला सांगायला नको. पण एप्रिल 2023 पूर्वीच्या बहुतेक गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या. त्यांतील काही रबरी नळ्या व गॅस्केट लवकर बदलावी लागू शकतात. शिवाय पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क एप्रिल 2022 पासून मोटारीला पाच हजार रुपये झाले, आणि वीस वर्षांवरील मोटारीला 2025 पासून दहा हजार.

दोन लाखांच्या गाडीची खरी किंमत या सर्वांची बेरीज करूनच काढली पाहिजे. तिच्यात क्लच, टायर आणि बेल्टचा खर्च पडताच ती अडीच लाखांवर सहज जाते, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. 1930 च्या मालविक्री कायद्याचा मूळ पवित्राही ‘घेणाऱ्याने सावध राहावे’ असाच आहे. म्हणून आपल्या ओळखीच्या, दलालाशी संबंध नसलेल्या मेकॅनिकला दिलेली तपासणीची मजुरी हा या व्यवहारातील सर्वांत किफायतशीर खर्च ठरतो. तपासणीस आढेवेढे घेणारा विक्रेता त्या नकारातूनच बरेच काही सांगून जातो.

तथापि हा भार एकेकट्या ग्राहकावर का असावा? जुन्या मोटारीसाठी कर्ज देणाऱ्या पतसंस्थांनी अर्जासोबत स्वतंत्र मेकॅनिकचा लेखी अहवाल मागावा. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवला जातो. तेथे शिक्षकांच्या देखरेखीखाली ठरावीक शुल्कात अशी तपासणी सुरू झाली, तर विद्यार्थ्यांना खऱ्या गाड्यांवर शिकता येईल. चांगली गाडी जपणाऱ्या मालकालाही मग तिचा योग्य भाव मागता येईल, आणि अपरात्री रुग्णाला घेऊन निघालेली मोटार येरमाळ्याच्या रस्त्यावर बंद पडणार नाही.