श्वानांचे आज्ञापालन : खेळ आणि गावाची गरज

बारामती व इंदापूर तालुक्यांतील माळरानांवर मेंढरांच्या कळपाबरोबर राखणीचा कुत्रा असणे ही जुनी रीत आहे. हा कुत्रा धन्याच्या एका हाकेसरशी माघारी फिरतो काय, या प्रश्नाला आज विशेष महत्त्व आले आहे. बारामती तालुक्यातील शिरसुफळ आणि इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथील गवताळ रानांत चिंकारा, लांडगा, खोकड व तरस यांचा अधिवास आहे. मोकाट फिरणारी कुत्री चिंकाऱ्यांचा पाठलाग करतात. रेबीजसारखे रोगही त्यांच्यामुळे वन्य प्राण्यांत पसरू शकतात. पुणे जिल्ह्यात लांडगा व कुत्रा यांचा संकर होत असल्याचे २०२३ मध्ये जनुकीय तपासणीने सिद्ध झाले आहे.

आज्ञापालन हा जगात मान्यता पावलेला खेळ आहे. अमेरिकेतील माउंट किस्को येथे १९३३ मध्ये हेलेन व्हाइटहाउस वॉकर यांनी पहिली चाचणी भरविली. १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने तिला नियमांची चौकट दिली. साखळीसह व साखळीविना धन्याच्या डाव्या बाजूने चालणे, सांगितल्या जागी थांबून राहणे, बोलावताच येणे आणि टाकलेली वस्तू आणून देणे हे या स्पर्धेतील मुख्य प्रकार होत. येथे रूपाला गुण नसून अचूकतेला व तत्परतेला असतात.

महाराष्ट्रात या शिस्तीचे मोल पोलीस दलाने दाखवून दिले आहे. पुण्यातील श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेल्या 'जंजीर' या लॅब्रेडॉर श्वानाने १९९३ मध्ये मुंबईत ३,३०० किलोहून अधिक आरडीएक्स शोधण्यास साहाय्य केले.

प्राथमिक शिक्षण मात्र घरोघर देता येते. पिलू लहान असतानाच आरंभ करावा. प्रत्येक कृतीसाठी एकच शब्द ठरवून घरातील सर्वांनी तोच वापरावा. आज्ञा पाळताच, त्याच क्षणी भाकरीचा तुकडा किंवा शाबासकी द्यावी. दररोज पाच-दहा मिनिटांचा सराव पुरेसा असतो. मारल्याने कुत्रा भितो, शिकत नाही. बोलावून मारल्यास तर तो पुन्हा जवळ येत नाही.

२८ सप्टेंबर या जागतिक रेबीज दिनी ग्रामपंचायत, शाळा व पशुवैद्यकीय दवाखाना यांनी मिळून लसीकरण शिबिराबरोबरच 'थांब' आणि 'ये' या दोन आज्ञांची स्पर्धा ठेवल्यास लोकशिक्षण सहज साधेल. बेवारस कुत्र्यांसाठी प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार निर्बीजीकरण हाच मार्ग आहे. पाळीव कुत्र्याची जबाबदारी मात्र त्याच्या धन्याचीच आहे. हाकेला ओ देणारा कुत्रा कळपही राखील आणि रानही.