इंग्रजी येते, पण समोरच्याला कळत नाही. असे का होते?

भडगाव : केळी आणि कापूस या दोन गोष्टी आपल्या भागात कुणाला शिकवाव्या लागत नाहीत. पण केळीचा इंग्रजी शब्द विचारला तर आपण ‘बनाना’ म्हणतो आणि तिन्ही अक्षरे सारखीच वाजवतो. इंग्रजीत मात्र पहिला ‘ब’ आणि शेवटचा ‘न’ अगदी हलका असतो, सगळा जोर मधल्या ‘ना’वर पडतो. शब्द तोच, पण ऐकणाऱ्याच्या कानाला फरक मोठा.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. आपली मुले पेपर चांगला सोडवतात, पण मुलाखतीत किंवा तोंडी परीक्षेत गप्प होतात. कुणी हसेल, ही भीती. म्हणून हा विषय आपण घरातच समजून घेऊ या.

अक्षरे पाच, स्वर वीस

इंग्रजीत स्वरांची अक्षरे पाचच आहेत. उच्चारात मात्र ब्रिटिश इंग्रजीचे साधारण २० स्वर मोजतात. म्हणजे स्पेलिंग पाहून उच्चार ठरवायला गेलो की फसायला होते.

त्यात आपल्याकडे एकाच घरात एक मूल उर्दू शाळेत, दुसरे मराठी शाळेत. मराठीत कॉलेज, डॉक्टर, बँक लिहायला वेगळी खूण आहे. उर्दूत कॉलेज आणि डॉक्टर अलिफने लिहितात, म्हणून तोंडात ‘कालिज’, ‘डाक्टर’ बसते. ‘पेन’ आणि ‘पॅन’ तर उर्दूत एकसारखेच लिहिले जातात. स्कूल, स्टेशन हे शब्द उर्दूत सुरुवातीला अलिफ लावूनच लिहिले जातात, त्यामुळे ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’. यात मुलाचा आळस नाही, ती लिपीची सवय आहे. स्पॅनिश बोलणाऱ्यांनाही नेमकी हीच सवय असते.

दुसरीकडे, उर्दू बोलणाऱ्या मुलांची एक जमेची बाजू आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’ यातला फरक त्यांना लहानपणापासून कळतो. मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ क्वचितच बदलतो, म्हणून जहाजाचे ‘शिप’ आणि मेंढीचे ‘शीप’ सारखेच निघतात. मकतबात मद्द कुठे ओढायचा, हरफ कुठून काढायचा हे शिकलेल्या मुलाला जिभेवर लक्ष ठेवायची सवय असतेच. तीच इथे वापरायची.

जोराची जागा चुकली की

मराठीत किंवा उर्दूत जोर इकडचा तिकडे झाला तरी शब्द कळतो. इंग्रजीत तसे नाही. ‘रेकॉर्ड’ म्हणजे नोंद असेल तर जोर पहिल्या भागावर. नोंद करणे असेल तर ‘रि’ हलका आणि जोर ‘कॉर्ड’वर. ‘एक्स्पोर्ट’चेही तसेच : माल निर्यात होतो तेव्हा एक, निर्यात करणे म्हणायचे तेव्हा दुसरे.

शब्द लांबला की जोर सरकतो. फोटोग्राफमध्ये ‘फो’वर, फोटोग्राफीत ‘टो’वर, फोटोग्राफिकमध्ये ‘ग्रा’वर. आणि ज्या भागावर जोर नाही, तिथला स्वर पुसट होतो. हा पुसट ‘अ’ इंग्रजीत सगळ्यात जास्त ऐकू येणारा स्वर आहे.

आर. के. बन्सल यांनी भारतीयांचे इंग्रजी परदेशी लोकांना किती कळते, याचा अभ्यास केला. तो १९६९ साली हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेने छापला. न कळण्यामागे शब्दातला जोर चुकणे हे एक मोठे कारण त्यात पुढे आले. म्हणजे व्याकरण पक्के असूनही बोलणे वाया जाऊ शकते.

लक्षात ठेवण्यासारखे

शेवटी ‘शन’ येणाऱ्या शब्दात जोर त्याच्या लगेच आधी : एज्युकेशनमध्ये ‘के’वर. शेवटी ‘इटी’ असेल तर तिच्या आधी : युनिव्हर्सिटीत ‘व्हर्’वर. हॉटेलमध्ये ‘टेल’वर, सर्टिफिकेटमध्ये ‘टि’वर, इंजिनिअरमध्ये शेवटी, इंटरव्ह्यूत मात्र सुरुवातीला.

डिक्शनरीत ज्या भागावर जोर असतो त्याच्या आधी वर एक छोटी उभी रेघ असते. मोबाईलवरच्या डिक्शनरीत स्पीकरचे चिन्ह दाबले की उच्चार ऐकू येतो. रोज पाच शब्द ऐकायचे, जोराच्या जागी टाळी वाजवून म्हणायचे. अम्मी-अब्बांना इंग्रजी येत नसले तरी चालेल. “बेटा, यात टाळी कुठे वाजते?” एवढे विचारले तरी मूल डिक्शनरी उघडते.

इंग्रजांसारखा टोन काढणे हे आपले ध्येय नाही. खान्देशी लहेजा राहू द्या, त्यात लाज कसली! समोरच्याला पहिल्याच वेळी कळावे आणि आपल्या मुला-मुलीने मान खाली न घालता उत्तर द्यावे, एवढेच हवे आहे.