घरट्यातून पिल्लू पडलं तर...

चैत्र संपता संपता आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर एक फोटो हमखास येतो. तळहातावर किंवा बुटांच्या खोक्यात एक पिल्लू, आणि खाली प्रश्न : "याला काय खायला घालू?" दहा मिनिटांत दहा उत्तरं येतात. दूध, ब्रेड, भिजवलेले पोहे, ड्रॉपरनं पाणी. सगळी प्रेमापोटी दिलेली, पण बहुतेक पिल्लाच्या जिवावर उठणारी. मी काही पक्षितज्ज्ञ नाही. आयुष्य बँकेत गेलं, निवृत्तीनंतर सकाळी कमाटीबागेत दुर्बीण घेऊन फिरू लागलो. तिथल्या जाणत्या मंडळींकडून आणि पशुवैद्यांकडून जे शिकलो, ते इथे लिहितो.

बँकेत कागद हातात आला की आधी तो कसला आहे ते बघायचं, मग सही. इथेही तसंच. पडलेलं पिल्लू उचलण्याआधी ते कोणत्या वयाचं आहे ते बघावं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

अंगावर पिसं नाहीत किंवा नुसते कोंब फुटलेत, डोळे मिटलेले किंवा अर्धवट उघडे, पायांवर उभं राहता येत नाही, असं पिल्लू खरोखर पडलेलं असतं. त्याला मदत हवी. पण अंगभर पिसं, आखूड शेपटी, चोचीच्या कडा अजून पिवळ्या, टुणटुण उड्या मारतंय पण धड उडता येत नाही, हे पिल्लू पडलेलं नसतं; ते घरट्यातून आपणहून निघालेलं असतं. लालबुड्या बुलबुलाची पिल्लं अंड्यातून आल्यावर साधारण १२-१३ दिवसांत घरटं सोडतात. त्या वेळी त्यांना नीट उडता येत नाही. पुढचे काही दिवस ती झुडपात, कुंड्यांच्या आड बसून राहतात आणि आईबाप तिथेच येऊन भरवतात. अशा पिल्लाला घरात आणणं म्हणजे त्याला आईबापांपासून तोडणं. आपल्याकडे येणाऱ्या फोटोंमधली निम्मी तरी पिल्लं याच जातीची असतात, असं माझं मत आहे. त्याला फार तर वाटेतून उचलून जवळच्या झुडपात ठेवा, सोसायटीतल्या कुत्र्या-मांजरांना थोडा वेळ आवरा आणि लांब जाऊन उभे राहा. लांब म्हणजे खरंच लांब; आपण चार जण गोल करून उभे असलो तर आई येणार कशी? तास-दीड तास लक्ष ठेवलं तर ती बहुधा दिसतेच.

आता पिसं नसलेलं पिल्लू. त्याला परत घरट्यात ठेवणं हा सर्वांत चांगला उपाय, आणि इथेच आपली आजी आडवी येते. "चिमणीला माणसाचा हात लागला की ती बाटते, मग बाकीच्या चिमण्या तिला टोचून मारतात" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. शेजारच्या गुजराती बेनही तेच सांगतात. यात तथ्य नाही. पक्षी आपलं पिल्लू माणसाच्या हाताच्या वासावरून टाकत नाहीत. पिल्लाची हाक आणि त्याची उघडी चोच त्यांना पुरते. तेव्हा हात स्वच्छ धुवा, पिल्लू गार लागत असेल तर ओंजळीत धरून आधी ऊब द्या आणि घरट्यात ठेवा.

घरटं हाती लागत नसेल किंवा वादळात मोडून पडलं असेल, तर पर्यायी घरटं चालतं. आमच्या इमारतीत दोन वर्षांपूर्वी वळवाच्या पावसात मधुमालतीच्या वेलातलं बुलबुलाचं घरटं खाली आलं, दोन पिल्लं जिवंत होती. फुलांची छोटी वेताची परडी घेतली, तळाशी सुकं गवत घातलं, वर मोडक्या घरट्यातला मऊ भाग ठेवला आणि परडी वेलात त्याच ठिकाणी तारेनं घट्ट बांधली. पाऊण तास मादी नुसती वरच्या तारेवर बसून ओरडत होती. मग एक हिरवी अळी घेऊन परडीच्या काठावर उतरली. प्लॅस्टिकचा डबा वापरलात तर तळाला भोकं पाडा, नाहीतर पावसात पिल्लं बुडतात. ऊन लागणार नाही अशी जागा हवी, आपल्या बडोद्याच्या मे महिन्यात तर नक्कीच.

आता त्या दहा उत्तरांकडे येतो. ड्रॉपरनं पाणी अजिबात पाजू नये. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं आणि पिल्लू दगावतं. पिल्लांना लागणारं पाणी अन्नातूनच मिळतं. दूध पक्ष्यांना पचत नाही. ब्रेड-पोह्यांनी पोट भरतं पण वाढ होत नाही. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडे-अळ्याच भरवते. आणि गारठलेल्या पिल्लाला अन्न पचतच नाही, म्हणून आधी ऊब, खाणं नंतर. पारवा-होल्यांची तऱ्हा तर निराळीच : त्यांचं पिल्लू आईबापांच्या घशात चोच घालून तिथलं दुधासारखं द्रव्य खातं, ते 'आ' करत नाही. आपण चोच उघडून काही कोंबलं तर नुकसानच.

मांजराच्या तोंडातून सुटलेलं पिल्लू वरून ठीक दिसलं तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावं. मांजराच्या लाळेतल्या जंतूंनी बारीकशी जखमही जीव घेते, वेळेत प्रतिजैविक मिळालं तरच निभाव लागतो. रक्त, लोंबता पंख, मुंग्या लागलेलं पिल्लू, या सगळ्यांनाही तेच. नेईपर्यंत पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून, आत सुती फडकं घालून, अंधारात, शांत ठेवावं. नातवंडांना दाखवायचं नाही, सेल्फी नाही. गुजरातेत १९६२ हा करुणा ॲम्ब्युलन्सचा क्रमांक आहे. उत्तरायणात मांज्यानं कापलेल्या पक्ष्यांसाठी आपण तो लावतो, तोच एरवीही लावावा. वनखात्यालाही कळवता येतं.

घरी वाढवू नका, हे मी जोर देऊन सांगतो. एक तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पोपटासारखे रानपक्षी पाळता येत नाहीत. दुसरं, पिल्लाला उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर अर्ध्या तासाला भरवावं लागतं. आणि तिसरं, माणसाच्या हातावर वाढलेली साळुंकी माणसालाच आपलं समजते. आमच्या ओळखीच्या घरातली अशी एक साळुंकी सोडल्यावर कुणाच्याही खांद्यावर बसायची. लोकांना गंमत वाटायची. पुढे मांजरालाही ती घाबरली नाही.

जाणकाराकडे बरं झालेलं पिल्लू सोडायचं ते जिथे सापडलं तिथेच, सकाळी, पाऊस-वारा नसताना आणि त्याच जातीचे पक्षी आसपास असतील अशा जागी. आधी ते स्वतः टिपून खातं का, खालून वर उडतं का, आणि आपल्याला पाहून दूर पळतं का, हे बघावं. सोडताना हवेत भिरकावू नये. खोकं झुडपाशी उघडं ठेवून बाजूला व्हावं. काही पक्षी लगेच जातात, काही तासभर काठावर बसून राहतात.