भरलेली सभागृहे, रुसलेले श्रोते

अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलनच्या चाहत्यांमधला वाद १९६५ साली सुरू झाला आणि साठ वर्षे झाली तरी मिटलेला नाही. वादात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. त्याचा गळा, वाद्यमेळ आणि गाण्यांच्या चाली बदलत गेल्या ते बऱ्यासाठी की वाईटासाठी, हा पहिला प्रश्न. तिकिटे खपली म्हणजे श्रोत्यांनी बदल पसंत केला असे समजायचे का, हा दुसरा. पहिला प्रश्न आवडीनिवडीचा आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र त्याच्या दौऱ्यांच्या इतिहासात बऱ्यापैकी सापडते. तिकीट आधी विकले जाते आणि गाणे नंतर ऐकू येते. त्यामुळे तिकीटबारीवरची रांग ही बहुधा मागच्या अल्बमची, कधी तर पंधरा वर्षांपूर्वीच्या आठवणीची पोचपावती असते. त्या रात्री जे गायले जाईल त्याबद्दल ती फारसे काही सांगत नाही.

गिटारची तार आणि विजेची तार

रॉबर्ट झिमरमन २४ मे १९४१ रोजी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात डुलुथ येथे जन्मला आणि हिबिंग या लोखंडाच्या खाणींच्या गावात वाढला. शाळेत असताना तो पियानो बडवत लिटल रिचर्डच्या ढंगाने रॉक अँड रोल गात असे. १९६१च्या जानेवारीत तो न्यूयॉर्कला आला तेव्हा मात्र त्याच्या हातात साधी अकूस्टिक गिटार होती आणि नाव बॉब डिलन झाले होते. ग्रीनिच व्हिलेजमधल्या कॉफीगृहांत त्या काळी लोकगीतांची लाट होती. त्या वर्तुळाचे काही अलिखित दंडक होते. वाद्ये मोजकी असावीत, शब्द स्वच्छ ऐकू यावेत आणि गाणे लोकांच्या बाजूचे असावे. विजेवर वाजणारी गिटार म्हणजे रेडिओ, बाजार आणि पोरांचे नाचगाणे, अशी त्यांची सरळ विभागणी होती.

डिलन या वर्तुळाचा लाडका झाला. नागरी हक्कांसाठी २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला जो विराट मोर्चा निघाला, त्यातही तो गायला. म्हणूनच पुढे त्याने वाद्य बदलले तेव्हा अनेकांना त्यात पक्षांतर दिसले. मूळचा रॉक अँड रोलवाला आपल्या जुन्या घरी परतत होता, ही बाजू त्या वेळी फार थोड्यांच्या ध्यानात आली.

मार्च १९६५मध्ये आलेल्या ‘ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम’ या तबकडीची एक बाजू विजेच्या वाद्यांची होती आणि दुसरी जुन्या पद्धतीची. त्यानंतर २० जुलैला ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ हे सहा मिनिटांहून लांब गाणे बाजारात आले आणि पुढे अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. या गाण्याला आठवडाही झाला नव्हता, तोच २५ जुलैच्या रात्री न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन मंचावर आला. माइक ब्लूमफिल्डची गिटार आणि अल कूपरचा ऑर्गन साथीला होता. तीनच गाणी झाली आणि हुर्यो उडाली. ती विजेच्या गिटारीवर होती, विसकटलेल्या ध्वनिव्यवस्थेवर होती, की कार्यक्रम इतक्यात आटोपल्याची नाराजी होती, यावर अजूनही एकमत नाही. ज्येष्ठ गायक पीट सीगर संतापला, हे खरे आहे. आपला राग गाण्यावर नसून शब्द ऐकू येत नव्हते यावर होता, असे त्याने नंतर सांगितले. डिलन पुन्हा मंचावर आला आणि अकूस्टिक गिटारवर दोन गाणी म्हणून त्याने निरोप घेतला.

मँचेस्टरची रात्र

न्यूपोर्टला श्रोते बेसावध होते. त्यापुढच्या वर्षभरात ही सबब उरली नाही. २८ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्स टेनिस स्टेडियममध्ये सुमारे १५,००० श्रोत्यांसमोर कार्यक्रमाचे दोन भाग झाले. पूर्वार्धात डिलन एकटा होता आणि उत्तरार्धात त्याच्यासोबत वाद्यवृंद होता. उत्तरार्धात आरडाओरडा झाला, तरी ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ सुरू होताच त्याच गर्दीतले लोक सोबत गाऊ लागले. हीच दोन भागांची मांडणी घेऊन तो ‘द हॉक्स’ या वाद्यवृंदासह गावोगाव फिरला. जवळजवळ रोजच्या हुर्योला कंटाळून ढोलवादक लेव्हॉन हेल्म १९६५ सरता सरता दौरा सोडून गेला.

१७ मे १९६६ रोजी इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये जे घडले ते ध्वनिमुद्रित झाले आहे. पूर्वार्ध शांततेत पार पडला. मध्यंतरानंतर वाद्यवृंद आला आणि दोन गाण्यांच्या मधल्या वेळेत सभागृहातून संथ, एकसारख्या टाळ्या सुरू झाल्या. ही दाद नव्हती, कार्यक्रम उधळण्याची रीत होती. डिलनने त्यावर अजब तोड काढली. तो माइकजवळ तोंड नेऊन अर्थहीन काहीतरी पुटपुटत राहिला. हा काय बोलतो आहे म्हणून लोक कान टवकारू लागले आणि टाळ्या विरल्या. शेवटच्या गाण्याआधी एका श्रोत्याने येशूला दगा देणाऱ्या शिष्याचे नाव घेऊन आरोळी ठोकली, ‘ज्यूडास!’ डिलनने ‘माझा तुझ्यावर विश्वास नाही’ असे सुनावले, ओरडणाऱ्याला खोटारडा म्हटले आणि साथीदारांना जोरात वाजवायला सांगितले. हे मुद्रण अनेक वर्षे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचे म्हणून चोरून विकले जात होते. अधिकृतपणे ते १९९८ साली प्रसिद्ध झाले.

त्या रात्री ओरडणाऱ्यांनीही तिकीट काढलेले होते. विजेची गाणी असलेली तबकडी बाजारात येऊन वर्ष उलटले होते आणि वर्तमानपत्रांत वादाच्या बातम्या येऊन गेल्या होत्या. तरी लोक आले. काही पूर्वार्धासाठी आले, काही उत्तरार्धासाठी आणि काही निषेधासाठी. आयोजकाच्या हिशेबाच्या वहीत मात्र तिघांची नोंद सारखीच झाली.

टपालाने आलेले प्रेम

जुलै १९६६मध्ये वुडस्टॉकजवळ मोटारसायकलचा अपघात झाला आणि त्यानंतर डिलनने जवळजवळ आठ वर्षे दौरा केला नाही. या काळात त्याचा आवाज पुन्हा बदलला. १९६९च्या ‘नॅशव्हिल स्कायलाइन’मध्ये तो गुळगुळीत, मऊ गळ्याने गायला. १९७०च्या ‘सेल्फ पोर्ट्रेट’वर समीक्षक तुटून पडले.

तरीही जानेवारी १९७४मध्ये त्याच जुन्या हॉक्ससह, म्हणजे आता ‘द बँड’ या नावाने गाजलेल्या मंडळींसह, तो परतला तेव्हा झुंबड उडाली. २१ शहरांत ४० कार्यक्रम ठरले होते. तिकिटे फक्त टपालाने मागवायची होती, सर्वांत महाग तिकीट साडेनऊ डॉलरचे होते आणि आसने साडेसहा लाखांच्या आसपास होती. मागणी त्याच्या कितीतरी पट आली आणि असंख्य लोकांचे पैसे परत पाठवावे लागले. याच सुमारास आलेली ‘प्लॅनेट वेव्ह्ज’ ही नवी तबकडी यादीत पहिल्या क्रमांकावर गेली खरी, पण तिची मागणी लवकरच ओसरली. गर्दी नव्या तबकडीची नव्हती. ती आठ वर्षे साठलेल्या आठवणींची होती. १९६६ साली ज्या जोडीला हुर्यो मिळाली, त्याच जोडीसाठी १९७४ साली लोक पत्रे धाडत होते. ज्याला आधी दगा म्हटले गेले, तोच मधल्या आठ वर्षांत जुना, अस्सल डिलन ठरला होता.

हे चक्र पुढेही फिरत राहिले. १९७८च्या जगभर फिरलेल्या दौऱ्यात ११४ कार्यक्रम झाले. सॅक्सोफोन, बासरी आणि गायिकांचा चमू असा थाट होता, जुन्या गाण्यांना नवा साज चढवला होता. अमेरिकी समीक्षकांनी त्याची लास व्हेगासच्या करमणुकीशी तुलना करून नाके मुरडली. त्याच वर्षाच्या अखेरीस डिलन ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला आणि पुढचा बदल सर्वांत कडक निघाला.

वॉरफिल्डच्या चौदा रात्री

ऑगस्ट १९७९मध्ये आलेला ‘स्लो ट्रेन कमिंग’ हा भक्तिगीतांचा अल्बम चांगला खपला. अमेरिकेच्या यादीत तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला आणि त्यातल्या एका गाण्यासाठी डिलनला ग्रॅमी मिळाले. त्या बळावर १ नोव्हेंबरपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरमध्ये १४ कार्यक्रम लागले. सुरुवातीला कृष्णवर्णीय गायिकांनी गॉस्पेल गाणी म्हटली. मग डिलन आला आणि अखेरपर्यंत त्याने एकही जुने गाणे घेतले नाही. कोणाची फर्माईश पुरवली गेली नाही. काही श्रोते उठून गेले आणि स्थानिक वर्तमानपत्रांनी झोडपले. त्याच महिन्यात ॲरिझोना राज्यातल्या टेंपी येथे त्याची श्रोत्यांशी उघड बाचाबाची झाली.

इथे अल्बमचा खप आणि मैफलीचे तिकीट यांतला फरक स्पष्ट दिसतो. अल्बम घेणाऱ्याला नवे हवे होते आणि आवडले नाही तर जुनी तबकडी लावण्याची सोय घरी होती. सभागृहातल्या श्रोत्याला ती सोय नव्हती. त्याच्या मनातल्या तिकिटावर १९६५ची गाणीही छापलेली होती. पुढचा ‘सेव्ह्ड’ हा अल्बम २४व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. नोव्हेंबर १९८०मध्ये डिलन त्याच वॉरफिल्डमध्ये परतला तेव्हा भक्तिगीतांच्या जोडीला जुनी गाणी होती. निकाल मात्र तेवढ्यावर लागला नाही. त्या दौऱ्यांची मुद्रणे २०१७ साली अधिकृतपणे निघाली आणि तो गळा त्याच्या उत्तम गळ्यांपैकी एक होता, असे म्हणणारे पुष्कळ निघाले.

श्रोताच बदलण्याचा बेत

ऐंशीच्या दशकात रॉक गायक टॉम पेटी आणि ‘ग्रेटफुल डेड’ हा वाद्यवृंद यांच्यासोबत डिलन मोठमोठ्या मैदानांत गायला. गर्दी होती, पण आपण पोकळ झालो आहोत असे त्याला वाटत होते, हे त्याने २००४च्या ‘क्रॉनिकल्स’ या आत्मकथनात लिहिले आहे. समोरचा वर्ग आपल्या तबकड्यांवर वाढलेला आहे आणि तो गाणे ऐकायला कमी, दंतकथा पाहायला जास्त येतो, असे त्याचे निदान होते. त्यावरचा उपायही त्याने तिथे मांडला आहे. त्याच त्या गावांत दरवर्षी जायचे. पहिल्या वर्षी आलेल्यांतले अनेक जुने श्रोते दुसऱ्या वर्षी येणार नाहीत. जे तरुण येतील ते मित्रांना घेऊन येतील आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवा श्रोतृवर्ग उभा राहील. रुसणाऱ्याला मनवण्याऐवजी त्याची जागा दुसऱ्याला देण्याचा हा रोखठोक हिशेब होता.

७ जून १९८८ रोजी कॅलिफोर्नियातल्या कॉन्कॉर्ड येथून छोट्या वाद्यवृंदासह दौरा सुरू झाला. ‘कधी न संपणारा दौरा’ हे त्याचे नाव चाहत्यांनी पक्के केले, डिलनने स्वतः ते कधी मनावर घेतले नाही. २०१९ साली या दौऱ्याने ३००० कार्यक्रमांचा टप्पा ओलांडला.

या काळात गाणी रोज नवे रूप घेऊ लागली. ठेका बदलायचा, ओळींची फेक बदलायची आणि अर्धे कडवे होईपर्यंत श्रोत्यांना गाणे ओळखू यायचे नाही. गळा खरखरीत होत गेला. २००२पासून त्याने मंचावर गिटारऐवजी प्रामुख्याने कीबोर्ड धरला. एकदाच येणारा श्रोता चडफडत घरी जायचा. दुसरीकडे एक वेगळीच जमात वाढली. ही मंडळी एका दौऱ्याचे पाच-दहा कार्यक्रम गाठत, कॅसेटवर चोरून मुद्रण करत, आपसांत अदलाबदल करत आणि कोणत्या गावी कोणते गाणे कसे झाले याच्या याद्या ठेवत. त्यांना रोज तेच ऐकू आले असते तर दुसरे तिकीट काढायला कारणच उरले नसते. पहिल्याला जे फसवणूक वाटे, तेच दुसऱ्याला पुन्हा रांगेत उभे करी. जुन्या चाहत्यांचा वाद आजही प्रामुख्याने या दोन ग्राहकांमधला आहे.

आकडा कसा वाचावा

तिकीटविक्रीचा आकडा सभागृहाच्या मापाशिवाय वाचता येत नाही. ऑक्टोबर २०१६मध्ये कॅलिफोर्नियातल्या इंडिओ येथे ‘डेझर्ट ट्रिप’ महोत्सवात डिलन प्रचंड मैदानात गायला. रोलिंग स्टोन्स आणि पॉल मॅकार्टनी यांच्यासारखी नावे त्या तिकिटावर होती. त्या गर्दीतले डिलनचे किती, हे वेगळे काढता येत नाही. याउलट २ नोव्हेंबर २०२१ रोजी मिलवॉकी येथून सुरू झालेला दौरा प्रामुख्याने दोन-तीन हजार आसनांच्या नाट्यगृहांतून फिरला. तिथे हाऊसफुलची पाटी लागणे मैदानापेक्षा सोपे असते, पण येणारा श्रोता नेमका असतो.

या दौऱ्याने तिकीट आणि गाणे यांतले जुने अंतरही कमी केले. २०२०च्या ‘रफ अँड राउडी वेज’ या अल्बमचेच नाव दौऱ्याला दिले होते. कार्यक्रमात निम्म्याच्या आसपास गाणी त्याच अल्बमची होती आणि यादी रात्रीगणिक फारशी बदलत नव्हती. ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ तिच्यात नव्हते. दारातच मोबाइल कुलूपबंद पिशवीत घालावा लागे. काय मिळणार आणि काय मिळणार नाही, हे तिकीट काढण्याआधीच पोस्टरवरून कळत होते. नाराजी याही वेळी राहिली, पण तिचे स्वरूप पालटले. मँचेस्टरचा श्रोता पैसे भरून आत आला आणि ओरडला. आता ज्याला जुनी गाणीच हवी असतात तो बहुधा तिकीटच काढत नाही, आणि त्याचा रुसवा कुठल्याही मुद्रणात ऐकू येत नाही.