वाचा फुकट, पैसे भरलेत तुम्हीच!

गावातल्या वाचनालयाचं लांबलचक बाक, सकाळी सकाळी पेपरासाठी जमणारी मंडळी आणि देवघेवीच्या टेबलामागे बसलेले ग्रंथपाल. हे चित्र आपल्या ओळखीचं आहे. पण त्या बाकाचे, त्या पेपरांचे आणि कपाटातल्या पुस्तकांचे पैसे येतात कुठून? उत्तर शोधायला निघालं की वाटेत बिअर भेटते, गहू भेटतो, घरपट्टी भेटते आणि एक दूरदृष्टीचा राजाही भेटतो. चला, एकेक कपाट उघडू या.

१. पहिला मान कोल्हापूरचा

भारतातला पहिला ग्रंथालय कायदा दिल्लीत झाला नाही, मुंबईतही नाही. तो झाला कोल्हापूर संस्थानात, १९४५ साली. देश स्वतंत्र व्हायला अजून दोन वर्षं होती. स्वातंत्र्यानंतर पहिला कायदा केला मद्रास प्रांतानं, १९४८ मध्ये. त्यामागे डॉ. एस. आर. रंगनाथन यांची चिकाटी होती. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे ते जनक. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आजही देशभर ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो.

२. नाशिक जिल्ह्यातल्या मुलाची बडोद्यातली किमया

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेला एक मुलगा बडोद्याचा राजा झाला. ते सयाजीराव गायकवाड. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला थेट अमेरिकेतून बोलावून घेतलं आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणायला लावलं. जिथे वाचनालय उभं राहणं अवघड होतं, तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. पैशांची रीतही साधी आणि शहाणपणाची होती. गावानं आपला वाटा जमवायचा, मग प्रांत पंचायत आणि सरकार आपापला वाटा घालणार. पुस्तकं फुकट वाचायला मिळत, पण वाचनालय आपलं आहे ही भावना गावानं स्वतःच्या खिशातून कमावलेली असे.

३. महाराष्ट्राचा कायदा: २५ लाखांची हमी

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यात एक ठोस कलम आहे. राज्य सरकारनं दरवर्षी ग्रंथालय निधीत किमान २५ लाख रुपये घातलेच पाहिजेत. त्या काळी ही रक्कम भरभक्कम होती. आज राज्यात हजारो शासनमान्य ग्रंथालयं आहेत आणि प्रत्यक्ष खर्च त्या किमान आकड्याच्या कितीतरी पुढे गेला आहे. तरीही कायद्यात किमान रक्कम लिहून ठेवणं महत्त्वाचं होतं. ग्रंथालय म्हणजे सरकारची मर्जी नव्हे, जबाबदारी आहे, हे त्या एका ओळीनं नोंदवून ठेवलं.

४. सरकारी पैसा, गावाचा संसार

आपल्याकडची खास गोष्ट अशी की बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं सरकार चालवत नाही. ती चालवतात गावातल्या नोंदणीकृत संस्था. सरकार त्यांना मान्यता देतं आणि दरवर्षी परिरक्षण अनुदान देतं. त्यासाठी अ, ब, क आणि ड असे वर्ग आहेत. पुस्तकं किती, सभासद किती, पेपर आणि मासिकं किती येतात, वाचनालय किती वेळ उघडं असतं, यावर वर्ग ठरतो. जिल्हा, तालुका आणि इतर अशी वेगळी पातळीही असते. वर्ग चढला की अनुदान वाढतं. म्हणून तपासणीची तारीख जवळ आली की ग्रंथपाल दाखल नोंदवह्या काढून बसतात. तुम्ही सभासद होता तेव्हा वाचनालयाच्या त्या वर्गालाही हातभार लावता, हे लक्षात ठेवा.

५. घरपट्टीतून पुस्तक

दक्षिणेतल्या राज्यांनी वेगळी वाट धरली. तिथे मालमत्ता कराबरोबरच ग्रंथालय उपकर वसूल होतो. तमिळनाडूत तो मालमत्ता कराच्या १० टक्के, कर्नाटकात ६ टक्के. बंगळुरूत स्वतःचं घर घेतलेला मराठी माणूस घरपट्टी भरतो, तेव्हा नकळत कर्नाटकातल्या वाचनालयाचं एखादं पुस्तकही विकत घेत असतो. महाराष्ट्रात असा उपकर नाही. इथला पैसा थेट राज्याच्या तिजोरीतून येतो. म्हणजे शेवटी आपण भरलेल्या करातूनच.

६. गोव्यात बिअर फुटली की पुस्तक येतं

सगळ्यात चटकदार गोष्ट गोव्याची. गोव्याचा ग्रंथालय कायदा १९९३ चा. त्यात ग्रंथालयांसाठीचा उपकर देशी बनावटीच्या विदेशी मद्यावर आणि बिअरवर बसवला गेला. पर्यटकांच्या गर्दीचा असा उपयोग दुसऱ्या कुणाला सुचला नसता. आणि गोव्याचं ग्रंथालय काही कालपरवाचं नाही. पणजीच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात १८३२ ची, पोर्तुगीज काळातली. आज ते कृष्णदास शामा यांच्या नावानं ओळखलं जातं.

७. प्रत्येक पुस्तकाची एक प्रत मुंबईत

भारतात कोणतंही पुस्तक छापलं की प्रकाशकानं ३० दिवसांच्या आत, स्वतःच्या खर्चानं, त्याच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना पोचवायच्या, असा १९५४ चा कायदा सांगतो. ही ग्रंथालयं चार: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्लीची पब्लिक लायब्ररी आणि आपल्या मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय. प्रत दिली नाही तर? मूळ कायद्यात दंड आहे ५० रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. दंड किरकोळ, पण हेतू फार मोठा. आज छापलेलं पुस्तक शंभर वर्षांनी तुमच्या पणतीलाही शोधून काढता यावं, यासाठीची ही तरतूद आहे.

८. गव्हाच्या बदल्यात मराठी पुस्तकं

१९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेचा गहू पीएल-४८० या योजनेखाली भारतात आला. त्याची किंमत भारतानं रुपयांत चुकती केली. ते रुपये अमेरिकेला देशाबाहेर नेता येईनात. मग १९६२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसनं दिल्लीत कार्यालय थाटलं आणि त्या रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तकं खरेदी करून अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. मराठी पुस्तकंही त्यात होती. परदेशातल्या मराठीच्या अभ्यासाला त्यानं मोठं बळ मिळालं. शिकागो विद्यापीठ तर आज मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश जगभरच्या वाचकांना इंटरनेटवर मोफत शोधू देतं. सातासमुद्रापार राहणाऱ्या आपल्या नातवंडांना ही सोय जरूर सांगा.

९. घरबसल्या विश्वकोश

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून मराठी विश्वकोशाचा डोंगर उचलला. पहिला खंड १९७६ मध्ये आला, विसावा २०१५ मध्ये. या वीस खंडांचा संच घरात ठेवायचा तर अख्खं कपाट लागेल. पण आज तो सगळा इंटरनेटवर मोफत वाचता येतो, आणि ज्ञानमंडळांमार्फत त्यात नव्या नोंदींची भर पडत राहते. संपादक, लेखक, छपाई आणि संकेतस्थळ, सगळा खर्च राज्य सरकारचा. मुलाच्या प्रकल्पासाठी इंग्रजीतलं काहीतरी घाईघाईनं उतरवून घेण्याआधी एकदा इथे डोकवा.

१०. आणखी काही मोफत कपाटं

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. बाजारात ज्यांच्या प्रती मिळत नाहीत, अशी काही पुस्तकं तिथे सापडतात. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही असेच खुले आहेत. कायदा, विज्ञान किंवा प्रशासनातला नेमका मराठी शब्द हवा असेल तर तेच पाहायचे. जिल्ह्यांची गॅझेटियर्सही वाचायला खुली आहेत. तुमच्या तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी कुठला बाजार भरायचा आणि कुठली पिकं निघायची, हे त्यात सापडेल. बालभारतीची पाठ्यपुस्तकं तर सगळीच पीडीएफ रूपात मिळतात. बालभारतीची स्थापना १९६७ ची, म्हणजे आपल्या ग्रंथालय कायद्याच्याच वर्षाची. आणि आयआयटी खरगपूरनं उभं केलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय केंद्र सरकारच्या पैशातून चालतं. नोंदणी करायला एक रुपयाही लागत नाही.

११. राजा राममोहन रॉय यांच्या नावानं येणारी पुस्तकं

वाचनालयातल्या एखाद्या पुस्तकावर राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानचा शिक्का दिसला, तर ते कोलकात्यातल्या केंद्रीय संस्थेच्या मदतीनं आलेलं आहे. ही संस्था १९७२ मध्ये, रॉय यांच्या द्विशताब्दी वर्षात उभी राहिली. तिच्या समान निधी योजनेत केंद्र आणि राज्य दोघंही वाटा घालतात. सयाजीरावांच्या बडोद्याची आठवण येते ना? गाव आणि सरकार यांच्या वाट्याची जागा इथे राज्य आणि केंद्र यांनी घेतली, एवढाच काय तो फरक.

१२. स्ट्रॉबेरीच्या गावात घराघरांत ग्रंथालय

पाचगणीजवळच्या भिलार गावाला ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणून ओळख मिळाली. प्रेरणा वेल्समधल्या हे-ऑन-वायची. तिथे पुस्तकं विकत मिळतात, आपल्याकडे मात्र ती फुकट वाचायची. एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात इतिहास, तिसऱ्यात कविता. गावकऱ्यांनी आपल्या घराची दारं उघडली आणि राज्य मराठी विकास संस्थेमार्फत सरकारनं पुस्तकं दिली. पुढे ही कल्पना वेरूळ, अंकलखोप आणि नवेगाव बांध इथेही गेली. मराठी पत्रकारितेचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांच्या पोंभुर्ल्यातही ती पोचली. जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं तेही १८३२ सालीच, पणजीचं ग्रंथालय सुरू झालं त्याच वर्षी.

१३. दोनशे वर्षांची वाट

आपल्याकडची जुनी वाचनालयं कोणत्याही कायद्याच्या आधी उभी राहिली. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. ती टिकली ती सभासदांच्या वर्गणीवर, देणग्यांवर आणि कार्यकर्त्यांच्या जिवावर. अनुदान नंतर आलं. आजही ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणीची मागणी उभीच आहे. अल्प मानधनात वर्षानुवर्षं कपाटं राखणाऱ्या या माणसांना तिचं उत्तर मिळायलाच हवं. पुस्तकं सरकारच्या पैशांनी येतात, पण ती वाचकापर्यंत पोचतात या माणसांच्या हातांनी.

आता तुमचं काम

या रविवारी एवढं करा. गावातल्या किंवा वॉर्डातल्या वाचनालयात जा. मोफत वाचन विभागात बसून एक पेपर वाचा. ग्रंथपालांना विचारा, वाचनालयाचा वर्ग कोणता आणि सभासद किती. मग सभासद व्हा, आणि घरातल्या लहान मुलालाही करा. पैसे तुम्ही भरलेलेच आहेत. आता पुस्तक घरी आणा.