संशयाचा भार सैनिकाने का वाहावा?

रणभूमीवर गोळी लागून आलेले अपंगत्व डोळ्यांना दिसते. पाठीच्या कण्याच्या दुखण्याचे तसे नाही. पाठीवर वाहिलेली ओझी आणि डोंगरी रस्त्यांवर लष्करी वाहनांतून खाल्लेले हादरे यांमुळे मणक्यांमधील चकत्या झिजतात. पण त्या वयोमानानेही झिजतात. झिजेतील सेवेचा वाटा किती आणि वयाचा किती, हे क्ष-किरण चित्र सांगत नाही. सैनिकाचा अपंगत्व-निवृत्तिवेतनाचा दावा अडतो तो नेमका या संदिग्धतेपाशी.

सेवामुक्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळ अपंगत्वाची टक्केवारी ठरविते आणि ते सेवेमुळे उद्भवले वा बळावले काय, याविषयी मत नोंदविते. दोन्ही नाकारले गेले, की दावा फेटाळला जातो. मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यास किमान २० टक्क्यांची अटही आड येते. त्यानंतर उरते ती अपिलांची वाट आणि अखेरीस २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग खटल्यात २०१३ साली दिलेला निर्णय मूलगामी होता. भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल, तर सैनिक तेव्हा निरोगी होता असे गृहीत धरावे; पुराव्याचा भार त्याच्यावर टाकू नये; मंडळाने आपल्या मताची कारणे द्यावीत, असे न्यायालयाने सांगितले. हा निर्णय १९८२ च्या नियमांच्या आधारे झाला होता. २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांसाठी नवे नियम आले असले, तरी त्यामागील तत्त्वाचे मोल कमी होत नाही.

हे तत्त्व केवळ करुणेचे नव्हे, आर्थिक विवेकाचेही आहे. भरतीची तपासणी, नेमणुकांची ठिकाणे, रुग्णालयातील उपचार या साऱ्यांचे दप्तर लष्कराच्या ताब्यात असते. ज्याच्यापाशी माहिती, त्यानेच संशयाची किंमत मोजावी, हे न्याय्य होय. सरकारला एक अपील म्हणजे एक फाईल. सातारा जिल्ह्यातील खेड्यात राहणाऱ्या निवृत्त हवालदाराला मात्र ते वकिलाची फी, मुंबईच्या खेपा आणि दुखऱ्या पाठीने केलेला प्रवास असते. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

खोट्या दाव्यांनी तिजोरीवर भार पडेल, ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु तिच्यावरील उपाय काटेकोर तपासणी हा आहे. प्रामाणिक दावेदाराला थकविणे हा नव्हे. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही अनावश्यक खटलेबाजी टाळण्यावर भर दिला होता. नकाराच्या पत्रासोबतच मंडळाची सविस्तर कारणे आणि संपूर्ण वैद्यकीय दप्तर सैनिकाच्या हाती दिले, तर खरा दावा लवकर सुटेल आणि खोटा तिथेच संपेल. देशाचे ओझे वाहिलेल्या पाठीवर आणखी पुराव्याचे ओझे लादणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.